आधी सरकवायचे की आधी फिरवायचे?
ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-२१ लढाऊ विमाने बनली, पुढे सुखोई-३० एमकेआय. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी इथल्या पहिल्या तेजस एमके-१एने भरारी घेतली. संगणकावरच्या आराखड्यात अशा विमानाच्या प्रत्येक सुट्या भागाची जागा सहा आकड्यांनी ठरते: तीन सरकवण्याचे, तीन फिरवण्याचे. इथे क्रमाला फार महत्त्व. आरंभबिंदूवरचा भाग एक्स अक्षावर १० मीटर सरकवून मग आरंभबिंदूतून जाणाऱ्या झेड अक्षाभोवती ९० अंश फिरवला, तर तो वाय अक्षावर जातो. आधी फिरवून मग सरकवला, तर एक्सवरच राहतो. म्हणून फिरवण्याचा केंद्रबिंदू आधी निवडावा, हे शिकाऊ मुलांना पहिल्याच दिवशी सांगायला हवे. सुखोईच्या पंखांचा विस्तार १४.७ मीटर, मध्यरेषेभोवती १ अंशाची चूक झाली, तरी पंखाचे टोक सुमारे १३ सेंटिमीटर सरकते.