भंगार लॅपटॉपचे ब्लूटूथ कार्ड: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुन्या लॅपटॉपमधून काढलेले ब्लूटूथ कार्ड संगणकाच्या यूएसबी पोर्टला जोडायचे तर मध्ये रूपांतर करणारे एखादे सर्किट लागते, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात असे कार्ड लॅपटॉपच्या पोटातही बहुधा यूएसबीवरच चालत असते. तिथे त्याला नेहमीचा चपटा प्लग नसतो, इतकेच. वाय-फाय आणि ब्लूटूथ एकत्र असलेल्या मिनी पीसीआय एक्सप्रेस कार्डातही ब्लूटूथचा भाग ३६ आणि ३८ क्रमांकाच्या पिनांवरून यूएसबीनेच बोलतो. वाय-फायचा मार्ग मात्र सहसा वेगळा असल्याने या जोडणीतून वाय-फाय मिळत नाही.

पोर्ट ५ व्होल्ट देतो म्हणून कार्डही ५ व्होल्टवर चालेल, हा गैरसमज सर्वांत महागात पडतो. कार्डाला ३.३ व्होल्ट लागतात आणि लाल तार थेट जोडली तर ते जळू शकते. यावर दोन डायोड एकापुढे एक लावण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. एका सिलिकॉन डायोडवर सुमारे ०.७ व्होल्ट पडतात, म्हणजे हिशोबाने ३.६ उरतात. पण प्रवाह कमी असताना डायोडवरची ही घट आणखी कमी होते आणि कार्डाकडे जास्त व्होल्टेज जाते. दोन रोधकांनी व्होल्टेज विभागणे त्याहून वाईट, कारण कार्डाचा प्रवाह सतत बदलतो. ३.३ व्होल्टचा एएमएस १११७ रेग्युलेटर आणि त्याच्या आउटपुटला २२ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर हाच नीट मार्ग. हे भाग स्वस्त आहेत. नागपूर जिल्ह्यातल्या मौद्यात मिळाले नाहीत, तर नागपुरात सीताबर्डीच्या दुकानांत विचारावे. रेग्युलेटरची धातूची पट्टी ग्राउंडला जोडलेली असते, असे गृहीत धरू नये: एएमएस १११७ मध्ये ती आउटपुटलाच जोडलेली असते.

मग पांढरी (डी मायनस) आणि हिरवी (डी प्लस) या डेटाच्या तारांनाही व्होल्टेज कमी करणारे काही लावावे का? नाही. पुरवठा ५ व्होल्टचा असला तरी या दोन तारांवरचे संकेत ३.३ व्होल्टच्या आसपासचेच असतात. त्या सरळ जोडाव्यात, आखूड ठेवाव्यात.

त्या उलट जोडल्या तर कार्ड गेलेच, ही भीतीही निराधार. डी प्लसवरचा १.५ किलोओहमचा रोधक पाहून संगणक उपकरण १२ मेगाबिट वेगाचे आहे हे ओळखतो. तारा उलटल्या की तो रोधक डी मायनसवर दिसतो, संगणक १.५ मेगाबिट वेगाने बोलू पाहतो आणि ओळख पटत नाही. तारांची अदलाबदल केली की काम होते. काळी (ग्राउंड) तार आणि ३.३ व्होल्टची तार उलटली तर मात्र कार्डाची खैर नाही, म्हणून पिना मल्टिमीटरने तपासल्याशिवाय सोल्डरिंग करू नये.

सगळे बरोबर जोडूनही कार्ड गप्प असेल, तर ते बिघडले असेच नाही. काही कार्डांवर रेडिओ चालू-बंद करणारी पिन असते आणि लॅपटॉपच्या बटणाअभावी ती बंदच राहते. अँटेनाची जोडणी सुटली असेल, तर कार्ड दिसते, पण काही फुटांपलीकडे पोचत नाही.

पोर्टवर भार पडेल ही चिंताही नको. या कार्डाला अर्धा वॅटही पुरेसा होतो.

यूएसबीला जोडल्याने कार्डाची आवृत्ती मात्र वाढत नाही. कमी ऊर्जेचे ब्लूटूथ २०१० च्या ४.० आवृत्तीपासून आले, त्याआधीच्या २.० कार्डाला साधे हेडफोन आणि माऊस चालतील, पण कमी ऊर्जेच्या ब्लूटूथवर चालणारे घड्याळ चालणार नाही.