सिकलसेल: ही कळ कामचुकारपणा नव्हे

भिवंडी म्हटले की यंत्रमाग आठवतात. पण दिवाळीनंतर तालुक्यातल्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे उचल घेऊन, मुलाबाळांसह राहायला येतात. दिवसा ऊन, प्यायला अपुरे पाणी, रात्री गारठा. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे दुखणे उसळायला एवढे पुरते.

'अंग दुखतं म्हणजे कामाचा कंटाळा', हा सगळ्यांत क्रूर गैरसमज. सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडाला रक्त मिळत नाही. थोराच्याही डोळ्यांतून पाणी यावे अशी कळ येते. सहा महिन्यांपुढच्या बाळाचे हातपाय अचानक सुजले, तर 'मुरगळलं असेल' म्हणत तेल चोळू नका. निरोगी पेशी सुमारे 120 दिवस जगते, वाकलेली पेशी 10 ते 20 दिवसांत फुटते. त्यामुळे अंगात रक्त कमी राहते, डोळे पिवळे होतात. त्यालाच साधी कावीळ समजून गळ्यात माळ घातली जाते आणि मोलाचे दिवस जातात. नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी हा आजार बरा होत नाही.

तो शिवल्याने, उष्ट्याने लागतही नाही. फक्त आदिवासींचा आहे हेही खरे नाही. विदर्भात तो इतर समाजांतही आढळतो.

'वाहक म्हणजे रोगी' म्हणून ठरलेली लग्ने मोडतात. वाहकाला, म्हणजे सिकलसेलचे जनुक आई-बापांपैकी एकाकडूनच आलेल्याला, सहसा काहीच त्रास नसतो. दोघेही वाहक असतील तर मात्र प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता 25 टक्के. एक मूल आजारी झाले म्हणून पुढची सुटली, असे नाही. आणि दोष सुनेच्या माथी मारू नका: रुग्ण मुलाला जनुक आई आणि बाप दोघांकडून येते.

'औषधच नाही' हेही चूक. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया घेतल्याने कळा कमी होतात. लसी आणि भरपूर पाणी तितकेच गरजेचे. 2016 च्या कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वात धरले आहे. 2023 पासूनच्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्यांची तपासणी होते.

भट्टीवर निघताना तपासणीचे कार्ड आणि गोळ्या सोबत घ्या. ताप आला, छातीत दुखले, धाप लागली, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री भिवंडीचे इंदिरा गांधी उपजिल्हा रुग्णालय गाठा. भट्टीमालकांनो, अशा वेळी गाडी द्या.