निवृत्तिवेतन : सरकारी आणि खासगी

सरकारी चाकरींत पगार थोडा, पण म्हातारपणाची ददात नाहीं. खासगी नोकरींत पैसा पुष्कळ, पण उद्यांचा भरंवसा नाहीं, असा समज मध्यमवर्गीय घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो कितपत खरा आहे, हें पाहणें उद्बोधक ठरेल.

प्रथम पगार घेऊं. सातव्या केंद्रीय वेतन आयोगाचा अहवाल २०१५ सालीं सादर झाला. त्यांत असें नमूद आहे कीं, सरकारांतील सर्वांत खालच्या पायरीवरील मदतनिसाला भत्ते धरून दरमहा २२,५७९ रुपये मिळत. पाहणींतील खासगी संस्थांत तशाच मदतनिसाला ८,००० ते ९,५०० रुपये मिळत. वरच्या पायरीवर मात्र पारडें उलट झुकतें. त्याच आयोगाप्रमाणें २०१६ पासून मंत्रिमंडळ सचिवाचें मूळ वेतन २,५०,००० रुपये ठरलें. मोठ्या कंपन्यांचे प्रमुख याच्या कित्येक पट मिळवितात. तेव्हां ‘पगार थोडा’ ही तक्रार वरिष्ठ अधिकाऱ्याच्या तोंडीं शोभेल, शिपायाच्या नव्हे.

परंतु पगार ही तुलनेची अर्धीच बाजू होय. सर्वोच्च न्यायालयानें १७ डिसेंबर १९८२ रोजीं नकारा खटल्यांत सांगितलें कीं, निवृत्तिवेतन ही धन्याची कृपा नसून केलेल्या सेवेचा मोबदला आहे. जुन्या सरकारी पद्धतींत हा मोबदला सामान्यतः अखेरच्या मूळ वेतनाच्या निम्मा असे, आणि महागाईबरोबर तो वाढे. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नव्या नोकरांना, सेनादलें वगळून, वर्गणीची योजना लागूं झाली व बाजाराच्या चढउताराची जोखीम त्यांच्या माथीं आली. महाराष्ट्रांतील राज्य कर्मचाऱ्यांनीं मार्च २०२३ मध्यें संप केला, तो जुनी पद्धत परत मिळावी म्हणूनच. १ एप्रिल २०२५ पासून केंद्रानें आपल्या नोकरांना एकीकृत योजनेचा पर्याय दिला. तींत २५ वर्षें सेवा झालेल्यास शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी आहे.

आतां खासगी नोकराकडे वळूं. १९९५ च्या योजनेंत पेन्शनपात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनीं गुणून ७० नें भागतात. २०१४ सालीं या वेतनाची मर्यादा १५,००० रुपये ठरली. त्या मर्यादेनें ३५ वर्षें हिशेबांत धरलीं, तरी हातीं येतात दरमहा ७,५०० रुपये. मग प्रत्यक्ष पगार ६०,००० कां असेना! शिवाय महागाईबरोबर ही रक्कम आपोआप वाढत नाहीं. त्याच्या जोडीला भविष्यनिर्वाह निधीची एकरकमी पुंजी मिळते खरी. पण आयुष्य किती उरलें हें ठाऊक नसतां ती पुरवून खाणें सोपें नाहीं.

सारांश, खरा भेद पगाराच्या आंकड्यांत नसून दीर्घायुष्याची व महागाईची जोखीम कोणी पत्करावयाची, यांत आहे. ज्या घरीं ती स्वतःच्या शिरावर आहे, तेथें पगारांतील कांहीं भाग आजचा नव्हे, तर साठीनंतरचा आहे, असें समजूनच खर्चाची वही मांडली पाहिजे.