टाळू कोण भरतं?

बाळंतिणीच्या खोलीत आजीची बोटं पहिल्यांदा जातात ती बाळाच्या टाळूवर. तेल जिरवायचं, मऊ जागा चाचपायची. दीड वर्षाच्या आसपास टाळू भरली की श्रेय तेलाला! लातूर-नांदेडकडे तरी असंच. आत मात्र वेगळीच हालचाल चाललेली असते, रन्क्स-२ नावाच्या प्रथिनाची.

हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात डीएनएला चिकटतं आणि हाडाला लागणारी जनुकं सुरू करतं. ऊसतोडीच्या मुकादमासारखंच, हातात कोयता नाही, पण त्याच्या हाकेशिवाय टोळी हलत नाही. १९९७ मध्ये हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांचा सांगाडा कास्थीचाच राहिला, हाड बनलंच नाही. श्वास घेता न आल्यानं पिल्लं जन्मताच मेली. माणसात जनुकाच्या दोनपैकी एक प्रत बिघडली तरी टाळू वर्षानुवर्षं उघडी राहते, कॉलरबोन अपुरं बनतं. अशा काहींना दोन्ही खांदे छातीपुढे एकमेकांना टेकवता येतात.

२००२ मध्ये ऑस्टेरिक्स या प्रथिनाचा शोध लागला. ते रन्क्स-२च्या हाताखालचं.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंतींखाली सापडलेल्यांची हाडं मोडली, तेव्हा प्लास्टरच्या आत हीच टोळी कामाला लागली होती. मोडल्या जागी सॉक्स-९ हे प्रथिन आधी कास्थी धरवतं. मग रन्क्स-२ आणि ऑस्टेरिक्स तिथे हाड भरवतात. गर्भात लांब हाडं बनली तोच क्रम.

पण मुकादमालाच कुणी चिथावलं तर? नांदेड जिल्ह्यात किनवटकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. या बाजूला काही ठिकाणी बेसॉल्ट संपून ग्रॅनाइट लागतो, त्यातल्या खनिजांतून ते पाण्यात उतरतं. लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा. पेशींवरच्या प्रयोगांत फ्लोराइडनं रन्क्स-२ वाढल्याचं दिसलंय. हाड भरपूर बनतं, एक्स-रेत पांढरंधोप दिसतं, आणि तरी ठिसूळ! मणक्यांना बांधणारे अस्थिबंधही हाडासारखे कडक होतात. अशा आखडलेल्या कमरेला नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या लिहून देणं मला तरी पटत नाही.

गावात फ्लोराइडच्या तपासणीला आलेले लोक म्हाताऱ्याला हनुवटी छातीला टेकवायला सांगतात. मग जमिनीवर एक नाणं ठेवतात. गुडघे न वाकवता उचलायचं. नाणं खालीच राहिलं, की पाण्याच्या नमुन्यासाठी बाटली घेऊन हापशाकडे.