छिंगहाओ : पाल्यापासून गोळीपर्यंत

हिवतापाचा धडा शिकवताना डासाचे चित्र काढून होते, परजीवीचे जीवनचक्र फळ्यावर येते आणि औषधाचा उल्लेख मात्र एका ओळीत आटोपतो. नेमका त्याच वेळी एखादा विद्यार्थी विचारतो, "झाडपाल्याने हिवताप बरा होतो का?" या प्रश्नाला 'हो' म्हटले तरी पंचाईत आणि 'नाही' म्हटले तरी पंचाईत. फाल्सिपेरम या जीवघेण्या हिवतापावर आज जगभर जी मुख्य औषधे वापरली जातात, ती एका चिनी वनस्पतीपासूनच मिळाली आहेत. पण त्याच वनस्पतीचा काढा हिवतापावर घेऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असू शकतात, ते आपण पाहू या.

जुन्या ग्रंथांतला पाला

या वनस्पतीचे चिनी नाव छिंगहाओ. शास्त्रीय नाव आर्टेमिसिया ॲन्युआ. सूर्यफुलाच्या कुळातली ही वर्षायू वनस्पती. पाने बारीक चिरलेली, वास उग्र. चैत्रात देवाला वाहिला जाणारा आपल्याकडचा दवणा याच आर्टेमिसिया प्रजातीतला, म्हणजे तिचा नातेवाईक आहे.

चीनमध्ये छिंगहाओचा औषधी वापर फार जुना आहे. मावांगद्वी येथील इ. स. पूर्व १६८ मधल्या थडग्यात रेशमी कापडावर लिहिलेले औषधांचे पाठ सापडले. त्यांत छिंगहाओ आहे, पण मूळव्याधीवर! थंडीतापाशी तिचा संबंध पुढे चौथ्या शतकात, को हुंग या वैद्याच्या ग्रंथात दिसतो. पाला पाण्यात भिजवावा, पिळून त्याचा रस काढावा आणि प्यावा, अशी ती कृती आहे.

म्हणजे ग्रंथात एकाच वनस्पतीचे अनेक उपयोग दिलेले असतात, आणि एकाच रोगावर अनेक वनस्पती. त्यांतले खरे कोणते आणि नुसतीच समजूत कोणती, हे ग्रंथ वाचून कळत नाही. त्यासाठी तपासून पाहावे लागते.

शोध कसा लागला?

१९६० च्या दशकात व्हिएतनामचे युद्ध चालू होते. तिथल्या जंगलांत सैनिक हिवतापाने आजारी पडत होते आणि क्लोरोक्विन या नेहमीच्या औषधाला परजीवी दाद देईनासा झाला होता. नव्या औषधाच्या शोधासाठी चीनने २३ मे १९६७ रोजी एक गुप्त प्रकल्प सुरू केला. तारखेवरून त्याचे नाव पडले 'प्रकल्प ५२३'. १९६९ मध्ये बीजिंगच्या पारंपरिक चिनी वैद्यक अकादमीतील यूयू तू या संशोधिकेकडे त्यातील एका गटाचे काम आले.

त्यांनी जुने ग्रंथ चाळले, वैद्यांना भेटल्या आणि सुमारे २,००० पाठ गोळा केले. त्यांतून ६४० निवडले. पुढे गटाने सुमारे २०० वनस्पतींचे ३८० अर्क हिवताप झालेल्या उंदरांवर तपासले. छिंगहाओच्या अर्काने एकदा परजीवींची वाढ ६८ टक्क्यांनी रोखली. पण प्रयोग पुन्हा केला तेव्हा हा आकडा १२ ते ४० टक्क्यांवर घसरला. वनस्पती तीच, मग गुण गेला कुठे?

तू यांनी को हुंगची कृती पुन्हा वाचली. चिनी वैद्यकात पाला बहुधा उकळतात. इथे मात्र उकळण्याचा उल्लेखच नव्हता. उष्णतेने तर गुण नाहीसा होत नसेल? त्यांनी पाण्याऐवजी ईथर हा द्रावक घेतला. ईथर सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळते, त्यामुळे अर्क फारसा न तापवता काढता येतो. त्या अर्कातला आम्लधर्मी भाग विषारी होता, तो वेगळा केला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाचा नमुना तपासला गेला. उंदरांच्या हिवतापावर तो शंभर टक्के गुणकारी ठरला. माकडांवरही तोच अनुभव आला.

१९७२ मध्ये तू यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अर्क आधी स्वतः घेऊन तो सुरक्षित असल्याची खात्री केली. मग हैनान बेटावरच्या रुग्णांना तो दिला गेला. त्याच वर्षी गुणकारी पदार्थाचे शुद्ध स्फटिक हाती आले. त्याला नाव मिळाले छिंगहाओसू, म्हणजे आपले आर्टेमिसिनिन. या कामासाठी तू यांना २०१५ मध्ये वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

द्रावकाचा हा मुद्दा वर्गात सहज दाखवता येतो. पानातील स्टार्च तपासण्याचा प्रयोग आपण करतोच. पान पाण्यात उकळले तर पाणी फारसे हिरवे होत नाही. स्पिरिटमध्ये ठेवून, गरम पाण्याच्या भांड्यात तापवले की हरितद्रव्य भराभर उतरते. (स्पिरिट थेट ज्योतीवर धरायचे नाही, हे सांगायला नकोच.) पान एकच असते, पण त्यातून काय बाहेर येणार हे द्रावक ठरवतो. आर्टेमिसिनिनही पाण्यात फार थोडे विरघळते.

रेणू काम कसे करतो?

आर्टेमिसिनिनच्या रेणूत कार्बनचे १५, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ५ अणू असतात. त्यांतले दोन ऑक्सिजन अणू एकमेकांना जोडलेले असतात. जखम धुण्याच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये असते तशीच ही जोडणी. ती कमजोर असते, चटकन तुटते.

हिवतापाचा परजीवी आपल्या तांबड्या पेशीत शिरून हिमोग्लोबिन खातो. त्यातून लोहयुक्त हीम मोकळे होते. हे लोह आर्टेमिसिनिनमधली ऑक्सिजनची जोडणी तोडते. त्यातून अतिशय क्रियाशील तुकडे तयार होतात आणि ते परजीवीची प्रथिने निकामी करतात. जणू परजीवीच्या जेवणातूनच स्फोटकाला बत्ती मिळते!

मग काढा का नको?

पहिले कारण मात्रेचे. वाळलेल्या पानांत आर्टेमिसिनिन साधारण एक टक्का किंवा त्याहूनही कमी असते. वाण, माती, हंगाम यांनुसार ते बदलते. फुले येण्याच्या सुमारास तोडलेल्या पानांत ते भरपूर असते. आर्टेमिसियाच्या इतर बहुतेक जातींत ते जवळजवळ नसतेच. म्हणून 'दवणाही त्याच प्रजातीचा, तोही चालेल' असे म्हणता येत नाही. काढ्याच्या एका पेल्यात औषध किती उतरले, हे पाहून कळत नाही.

दुसरे कारण साध्या गणिताचे आहे. परजीवीचे रक्तातले एक आवर्तन ४८ तासांचे असते. आर्टेमिसिनिन गटाचे औषध एका आवर्तनात परजीवींची संख्या सुमारे १०,००० पटींनी घटवते. समजा, गंभीर आजारी माणसाच्या अंगात एक लाख कोटी परजीवी आहेत. एका आवर्तनानंतर उरतील दहा कोटी, दुसऱ्यानंतर दहा हजार. ताप उतरलेला असतो, रुग्णाला बरे वाटू लागते, पण दहा हजार शिल्लकच असतात! हे औषध शरीरातून काही तासांतच निघून जाते. उरलेले परजीवी पुन्हा वाढतात आणि ताप परत येतो. पूर्ण मात्रेची ही कथा, तर अपुऱ्या मात्रेच्या काढ्याने काय होईल?

म्हणून आर्टेमिसिनिन गटातले औषध एकटे देत नाहीत. त्याच्या जोडीला शरीरात अनेक दिवस टिकणारे दुसरे औषध देतात. पहिले झपाट्याने संख्या घटवते, दुसरे उरलेल्यांचा समाचार घेते. आर्टेमिसिनिन गटाच्या नुसत्या गोळ्या विकणे थांबवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये औषध कंपन्यांना बजावले. भारतातही फाल्सिपेरम हिवतापावर असा संयुक्त उपचारच दिला जातो. गडचिरोलीसारख्या जंगलपट्टीत त्याचे मोल मोठे आहे.

तिसरे कारण सर्वांत गंभीर. थोड्या मात्रेतून जे परजीवी तगतात, त्यांची पिलावळ पुढे वाढते. औषधाला दाद न देणारे परजीवी असेच निवडले जातात. कंबोडियाच्या पश्चिम भागात २००८-०९ च्या सुमारास परजीवी आर्टेमिसिनिनने सावकाश मरू लागल्याचे दिसले. त्यामागचा जनुकीय बदल २०१४ मध्ये ओळखला गेला. पुढे रवांडा आणि युगांडातही असे परजीवी सापडले आहेत. हे औषध हातचे गेले, तर तितके भरवशाचे दुसरे लगेच मिळणारे नाही.

विद्यार्थ्याला काय सांगावे?

'झाडपाल्याने बरे होते का?' हा प्रश्न फार मोघम आहे. विद्यार्थ्यांना तो फोडायला शिकवावे, असे आम्हाला वाटते. नेमकी कोणती वनस्पती? तिचा कोणता भाग, केव्हा तोडलेला? त्यातले गुणकारी द्रव्य कसे काढले? त्याची मात्रा किती? किती रुग्णांवर आणि कशाशी तुलना करून तपासले? पुन्हा तपासल्यावर तोच निष्कर्ष आला का? हेच प्रश्न डॉक्टरांच्या गोळीलाही विचारता येतात आणि विचारावेतही.

छिंगहाओच्या बाबतीत जुन्या वैद्याने एक महत्त्वाची नोंद करून ठेवली होती. तिची उपेक्षा झाली असती, तर हे औषध कदाचित मिळाले नसते. तिच्यावर नुसता विश्वास ठेवला असता, तरीही मिळाले नसते. ६८ वरून १२ वर घसरलेला आकडा झाकून न ठेवता 'असे का?' म्हणून विचारले, तेव्हा कुठे वाट सापडली.

शेवटी व्यवहारातली एक गोष्ट. थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. फाल्सिपेरम हिवताप काही दिवसांत मेंदूपर्यंत पोचू शकतो. हिवताप निघाला तर सांगितलेल्या सर्व गोळ्या संपवाव्यात, ताप पहिल्याच दिवशी उतरला तरीही. का, ते वरच्या दहा हजारांच्या गणितावरून विद्यार्थीच सांगतील.