'ब्रॉडकास्ट' : शेतातून आलेला शब्द

श्रोतेहो, 'ब्रॉडकास्ट' हा शब्द तुमच्या कानांवरून अनेकदा गेला असेल. शहरात शिकणारा मुलगा सुटीत घरी येतो आणि सांगून टाकतो, "सामन्याचं ब्रॉडकास्ट दहाला आहे." शब्द कानी पडला की डोळ्यांपुढे उंच मनोरा येतो, तारा येतात, यंत्रे येतात. आपल्याला वाटते, हा शहरातल्या शिकल्यासवरल्या लोकांचा शब्द. आपला त्याच्याशी काय संबंध?

पण गंमत अशी, की हा शब्द रेडिओच्या आधी दीडशे वर्षे इंग्रजीत नांदत होता, आणि तो शेतकऱ्याचा शब्द होता.

आधी त्याची फोड करू. 'ब्रॉड' म्हणजे रुंद, ऐसपैस. 'कास्ट' म्हणजे टाकणे, फेकणे. हा दुसरा शब्द समुद्रापलीकडून इंग्लंडात आलेल्या नॉर्स लोकांच्या बोलीतला. दोन्ही मिळून अर्थ झाला, दूरवर पसरेल असे फेकणे. आता फेकायचे काय? तर बी! शेतकरी काखेत टोपली अडकवून वावरातून चालतो आहे, मूठ भरतो आहे आणि हात फिरवून बी चौफेर उडवतो आहे, हे त्या शब्दातले चित्र. आपण ह्यालाच 'बी फोकणे' म्हणतो. मेथी-कोथिंबिरीचा वाफा आपण अजूनही असाच फोकतो.

तुम्ही म्हणाल, पेरणीला वेगळे नाव द्यायची गरज का पडली? कारण पेरणीच्या दोन तऱ्हा झाल्या. 1701 च्या सुमारास जेथ्रो टल नावाच्या इंग्रज शेतकऱ्याने ओळीत बी सोडणारे औत तयार केले. पुढे अशी ओळीतली पेरणी वेगळी आणि हाताने फोकलेली पेरणी वेगळी, हे सांगायला शब्द लागले. 1767 सालच्या इंग्रजी लिखाणात 'ब्रॉडकास्ट' हा शब्द बियाण्याच्या संदर्भात आढळतो.

आपल्याला मात्र ओळीतल्या पेरणीचे नवल नाही. तिफण आपल्या घरचीच. चाड्यावर मूठ धरायची, बी नळ्यांतून खाली उतरते आणि फणामागच्या तासात पडते. दक्षिण हिंदुस्थानातली अशी पेरणीची औते पाहून 18व्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी कौतुकाने लिहून ठेवले आहे.

मग बियाण्याचा हा शब्द रेडिओकडे कसा आला? बिनतारी संदेश प्रथम सुरू झाला तो एकाने दुसऱ्याला निरोप देण्यासाठी. 1901 साली मार्कोनीने अटलांटिक महासागरापलीकडे खूण पोचवली. जहाजाने किनाऱ्याला, किनाऱ्याने जहाजाला बोलावे, हा त्याचा मुख्य उपयोग. त्यात एक खोट होती. निरोप एकाला धाडावा, तर लहरी चोहीकडे पसरत आणि ज्याच्याजवळ यंत्र असेल त्याला तो ऐकू येई. गुपित राहत नसे. पुढे काही जणांच्या ध्यानात आले की ही खोट नव्हे, हाच गुण आहे! एकाने बोलावे आणि हजारोंनी ऐकावे. 2 नोव्हेंबर 1920 रोजी अमेरिकेतल्या पिट्सबर्गहून निवडणुकीचे निकाल असेच सर्वांसाठी सांगितले गेले. ह्या नव्या कामाला नाव हवे होते. शेतातला जुना शब्द तयारच होता. 1922 साली लंडनला निघालेल्या कंपनीच्या नावातच तो बसला. तीच बीबीसी, तिच्यातला मधला 'बी' म्हणजे हाच शब्द. 23 जुलै 1927 रोजी मुंबईचे केंद्र सुरू झाले, तेही 'इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी'चे.

मराठीने काय केले पाहा. आपण 'प्रक्षेपण' म्हटले. त्यातला 'क्षिप्' हा संस्कृत धातू, त्याचा अर्थ फेकणे. एका केंद्राचा कार्यक्रम दुसऱ्या केंद्राने उचलला की तो 'सहक्षेपित' होतो. त्यातही तीच फेक आहे. बी गेले, पण फेकणारा हात शब्दात राहिला.

गुरुजनांसाठी दोन गोष्टी. 'कास्ट'चे रूप भूतकाळात बदलत नाही, म्हणून 'ब्रॉडकास्ट'ही काल, आज, उद्या तसाच राहतो. 'ब्रॉडकास्टेड' असेही कोणी म्हणतात, पण पहिले रूप अधिक रूढ. दुसरे, जात ह्या अर्थाचा इंग्रजी 'कास्ट' ह्याचा भाऊ नव्हे. तो पोर्तुगिजांच्या 'कास्ता'वरून आला. उच्चार सारखा, कूळ वेगळे. ढगांनी झाकलेल्या आभाळाला म्हणतात तो 'ओव्हरकास्ट', तो मात्र ह्याच कुळातला. आणि 2004 साली निघालेला 'पॉडकास्ट' हा शब्द तर 'ब्रॉडकास्ट'चेच शेपूट धरून आला.

आता मुद्द्याची गोष्ट. फोकलेल्या बियाचे काय होते, हे तुम्हांला मी सांगायला नको. काही बांधावर पडते, काही पाखरे टिपतात, काही एकाच जागी दाटी करते. फेकणाऱ्याला ठाऊक नसते कुठला दाणा कुठे गेला. म्हणून फोकल्यावर बी मातीआड करावे लागते, तेव्हा ते उगवते. रेडिओवरच्या शब्दाचेही तसेच आहे.

ह्याचा पडताळा आपल्याच मुलखात घेतला गेला. 1956 साली फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या तेव्हाच्या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे निवडली. आठवड्यातून दोनदा, असे 20 कार्यक्रम झाले. गावकऱ्यांच्या मंडळाने एकत्र बसून ऐकायचे, मग आपसांत चर्चा करायची आणि शंका केंद्राकडे लिहून धाडायच्या, अशी रीत होती. प्रयोगाआधी आणि नंतर लोकांना प्रश्न विचारून पाहिले. जिथे अशी मंडळे होती तिथली माहिती चांगलीच वाढली. जिथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तिथे भर पडली ती थोडीच. म्हणजे नुसता संच गावात असून भागत नाही. 1959 पासून ही मंडळे देशभर काढण्यात आली, ती ह्या अनुभवावरूनच.

बोलणारा मूठ उघडतो, त्याचे काम तिथे संपते. उरलेले निम्मे काम ऐकणाऱ्याचे. खताचे प्रमाण सांगितले, ते वहीत उतरले का? रोगाची खूण सांगितली, ती सकाळी पिकावर जाऊन पाहिली का? पटले नाही, तर चारचौघांत तसे बोललात का? हे काम कुठल्याही मनोऱ्याला करता येत नाही.

तेव्हा गुरुजी, वर्गात हा शब्द आला, तर फळ्यावर मनोरा काढू नका. मूठ भरून चालणारा शेतकरी काढा, आणि पोरांना विचारा, "बी तर पडलं, आता ते झाकायचं कोणी?"