‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी : गरज कोणाला?

मागच्या हिवाळ्यात एक निवृत्त गुरुजी माझ्या दवाखान्यात आले. भूक मेलेली, मळमळ, बद्धकोष्ठ आणि सारखी तहान. “गुरुजी, औषध कोणतं घेता?” “औषध कुठलं डॉक्टरसाहेब, फक्त ताकदीची पुडी!” ती ‘ड’ जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी होती. एरवी ती आठवड्यातून एकदा, ठराविक आठवडेच देतात. शेजाऱ्याचे ऐकून गुरुजी दोन महिने ती रोज घेत होते. रक्तातील कॅल्शियम भलतेच वाढले होते. पुड्या बंद केल्या, उपचार केले, म्हणून मूत्रपिंडे वाचली.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार रोजची गरज ६०० युनिटची. म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांची बेगमी! हे जीवनसत्त्व चरबीत साठते. जादा झालेले लघवीवाटे सहज निघून जात नाही.

मग निरोगी माणसाने थोड्या प्रमाणात घ्यावे काय? अमेरिकेत पन्नाशीपुढच्या २५,८७१ लोकांवर सुमारे पाच वर्षे प्रयोग झाला. रोज २००० युनिट घेऊनही कर्करोग वा हृदयविकार होण्याचे प्रमाण घटले नाही, असे २०१८ मध्ये दिसले. हाडे मोडण्याचेही कमी झाले नाही, हे २०२२ मध्ये कळले.

परंतु काहींना ते खरोखर लागते. वर्षाच्या आतील बाळांना (थेंबांच्या रूपात), गरोदर स्त्रियांना, पंचाहत्तरीपुढील वृद्धांना आणि घराबाहेर न पडणाऱ्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे. मुलाचे पाय वाकत असतील, किंवा हाडे दुखून खाली बसल्यावर उठणे कठीण जात असेल, तर तपासणी अवश्य करावी.

वऱ्हाडात उन्हाला तोटा नाही. पण आपण सावलीत आणि कपड्यांत असतो. सकाळी सातचे कोवळे ऊन यासाठी फारसे कामाचे नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते, तेव्हाचे ऊन उपयोगी. हिवाळ्यात हातपाय उघडे ठेवून वीस-तीस मिनिटे त्यात बसावे. नवतपात मात्र हा प्रयोग नको. उष्माघात परवडणार नाही.

वाचकहो, पुडी घरात असेल तर आजच चिठ्ठी काढून पाहा : रोज लिहिले आहे, की आठवड्यातून एकदा?